तेरला जाताना कोणतं गाइड घ्यायचं?

‘गाइड निवडताना काय बघायचं?’ असं विचारलं की पीएच.डी.च्या वाटेवर असलेल्यांना आधी विद्यापीठातले मार्गदर्शक आठवतात. आज त्या गाइडबद्दल नाही, हातात धरायच्या गाइडबद्दल, म्हणजे स्थळदर्शनाच्या पुस्तकाबद्दल बोलू. धाराशिव जिल्ह्यात फिल्डवर्कला निघालात तर सोबत कोणतं पुस्तक घ्याल? प्रश्न किरकोळ वाटतो. पण तिथे काय बघायचं आणि काय विचारायचं, हे सिनॉप्सिस लिहायच्या आधीच ते पुस्तक बऱ्याच अंशी ठरवून टाकतं.

आधी एक लांबचं उदाहरण घेऊ. मध्य अमेरिकेतल्या माया अवशेषांबद्दल विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत एरिक थॉम्पसन या अभ्यासकाचा शब्द प्रमाण होता. माया म्हणजे शांतताप्रिय, ताऱ्यांचा हिशेब ठेवणारे पुरोहित, असं ते चित्र. मग १९४६ मध्ये बोनाम्पाकची भित्तिचित्रं जगापुढे आली. त्यांत लढाई होती, पकडलेले कैदी होते. १९५२ मध्ये युरी क्नोरोझोव यांनी लिपी वाचण्याची दिशा दाखवली आणि पुढे शिलालेखांतून राजे, वंशावळी, युद्धं बाहेर पडली. आता १९५० साली छापलेलं गाइडबुक खोटं बोलत होतं का? नाही. त्या काळच्या सर्वांत मोठ्या नावाचंच म्हणणं ते सांगत होतं. फक्त ‘असं अमुक मानतात’ असं न लिहिता ‘असं आहे’ असं लिहीत होतं. घोळ तिथे आहे.

आता आपल्याकडे या. धाराशिवच्या लेण्यांवरचं जुनं महत्त्वाचं काम जेम्स बर्जेस यांचं, १८७८ मध्ये छापलेलं. अहवालाच्या शीर्षकात बीदर आणि औरंगाबाद जिल्हे आहेत. त्यात ‘उस्मानाबाद’ शोधाल तर हाती काही लागणार नाही, कारण ते नाव नंतरचं. १९७२ च्या सरकारी गॅझेटिअरवर ‘उस्मानाबाद जिल्हा’ आहे, पण त्यात औसा आणि खरोसाही येतात, कारण लातूर वेगळा झाला १९८२ मध्ये. आणि आजच्या कागदपत्रांत पुन्हा धाराशिव. म्हणजे एकाच डोंगरासाठी तीन प्रकारे शोध घ्यावा लागतो. हे सांगणारं गाइड मिळालं तर ते जपून ठेवा.

लेण्यांचंच बघा. बर्जेस यांनी ती जैन लेण्यांत धरली. पुढे म. के. ढवळीकर यांनी मांडलं की ती मुळात बौद्ध असावीत आणि नंतर जैनांकडे आली. मोठ्या लेण्यातलं सभागृह आणि भोवतीच्या खोल्या बघितल्या की अजिंठ्याच्या विहारांची आठवण होते, आणि आत तर तीर्थंकरांच्या मूर्ती आहेत. एक पुस्तक ‘जैन लेणी’ लिहून पूर्णविराम देतं, दुसरं ‘बौद्ध लेणी’ लिहून. संशोधनाच्या दृष्टीने दोन्ही सारखीच निरुपयोगी. खरा प्रश्न त्या दोन पूर्णविरामांच्या मधे आहे: आराखडा कोणाचा, मूर्ती कोणाच्या, आणि बदल झाला तो कशावरून ओळखायचा?

तेरमध्येही तेच. तिथल्या त्रिविक्रम मंदिराची मागची बाजू गोलाकार, विटांचं बांधकाम. हेन्री कझिन्स यांनी ते मूळचं बौद्ध चैत्यगृह मानलं आणि हे वाक्य पुस्तकामागून पुस्तकात उतरत गेलं. पण थांबा. ऐहोळेचं दुर्गमंदिरही मागून गोलाकारच आहे, आणि ते बौद्ध नाही. म्हणजे नुसत्या आकारावरून धर्म ठरत नाही, आणखी पुरावा लागतो. चांगलं गाइड कझिन्सचं मत देईल आणि ते कशावर उभं आहे तेही सांगेल. उतारा करणारं गाइड फक्त निष्कर्ष देईल.

तेर म्हणजेच ‘पेरिप्लस’मधलं तगर, हे तर आता बसस्टँडवरही ऐकायला मिळतं. पण जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये हे मांडण्याआधी तगरसाठी दौलताबाद, जुन्नर, धारूर अशी नावं पुढे आली होती. ग्रीक मजकूर तगर पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर असल्याचं सांगतो, आणि तेर आहे आग्नेयेला. तरी ही ओळख टिकली, कारण सातवाहनकाळाचा पुरावा इथे जमिनीतूनच निघाला. हा वाद ज्या पुस्तकात नाही, ते तुम्हाला उत्तर देतं पण पद्धत शिकवत नाही.

देवस्थानाजवळ मिळणाऱ्या छोट्या पुस्तिकांना मात्र नाक मुरडू नका. तारखांसाठी त्या कामाच्या नाहीत, हे खरं. पण संत गोरोबाकाकांचं तेर, म्हणजे आजही लोक दर्शनाला येतात ते गाव, सर्वेक्षणाच्या अहवालांत जवळजवळ दिसत नाही. साहेबांनी भिंती मोजल्या, माणसं मोजली नाहीत.

संग्रहालयाचंही असंच. तिथला संग्रह उभा राहिला तो रामलिंगप्पा लामतुरे या गावातल्याच माणसाच्या वेचणीतून. गाइड ‘अवश्य पाहा’ एवढंच म्हणतं. संशोधकाला त्याहून महत्त्वाचं हे, की वेचून आणलेली वस्तू आणि उत्खननात ठरावीक थरात सापडलेली वस्तू पुरावा म्हणून सारख्या वजनाच्या नसतात.

मग घ्यायचं काय? माझा कौल असा: पायाला १९७२ चं गॅझेटिअर, तेरसाठी १९५८ च्या उत्खननाचा चापेकरांचा अहवाल, गावातल्या नावांसाठी आणि प्रथांसाठी स्थानिक पुस्तिका. गुळगुळीत कागदाचं पर्यटन गाइड गाडी आणि मुक्कामापुरतं. आणि कोणतंही पुस्तक उघडलं की तीन गोष्टी तपासा: माहिती कुठल्या सालची, ती कोणाची, आणि विरुद्ध मत दिलंय का. तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ आलं, तर पुस्तक फेकू नका. तिथे त्याच्याशी भांडणारं दुसरं पुस्तक शोधा आणि दोन्ही पिशवीत घालून निघा. लिटरेचर रिव्ह्यू म्हणतात तो यापेक्षा फार वेगळा नसतो.