खबरी पोराची कादंबरी

मराठीत पोरसवदा शोधकांची वाण नाही. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात आला, ‘टॉक्’ करत बदमाशांच्या मागे धावला आणि २०१७ साली मोठ्या पडद्यावरही पोचला. थोरल्यांसाठी बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार होता, गुरुनाथ नाईकांच्या रहस्यकथांची रास होती. शौर्य, वेग, युक्ती सगळं भरपूर. मात्र ‘मी नेमका कोणाचा?’ हा प्रश्न यातल्या एकालाही पडत नाही. बहिर्जी नाईकांवरची बालपुस्तकं घ्या: वेश शंभर, निष्ठा एक.

किशोरवयात निष्ठा अशी एकसंध नसते. घरी एक, मित्रांत दुसरी, शाळेत तिसरी. याच वयाच्या वाचकाला आपण सर्वांत सरळ नायक देतो, हे मला चमत्कारिक वाटतं. इतिहासात खाद्य नाही असंही नाही. १६७८च्या डिसेंबरात संभाजीराजे मोगल सरदार दिलेरखानाला जाऊन मिळाले, तेव्हा त्यांचं वय एकवीस. वर्षभराने परतले. ‘छावा’सारख्या प्रौढांच्या कादंबऱ्या त्या घालमेलीला भिडल्या, मुलांसाठीच्या चरित्रांत ती बहुधा दोन ओळींत उरकली जाते.

बाहेर या पेचाला जुनी परंपरा आहे. किपलिंगचा ‘किम’ १९०१चा: लाहोरच्या गल्लीत वाढलेलं पोर, एका हाताला लामा, दुसऱ्या हाताला सरकारची हेरगिरी. (किपलिंगनेही निवडीची वेळ येऊ दिली नाही, ही त्या सुंदर पुस्तकातली पळवाट.) अँथनी होरोवित्झचा चौदा वर्षांचा अ‍ॅलेक्स रायडर २०००मध्ये आला. त्याला हेर व्हायचंच नसतं. गुप्तहेर खातं त्याला राबवतं आणि त्याची चीड त्या खात्यावरच असते.

मराठीत असं पुस्तक कुठे घडावं? माझं उत्तर मालेगाव. ८ सप्टेंबर २००६च्या इथल्या बॉम्बस्फोटांनंतर नऊ मुस्लिम पुरुष आरोपी ठरले, बहुतेक याच गावचे. न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केलं २०१६ साली, तोवर त्यांतला एक हयात नव्हता. अशा गावात ‘तू कोणाचा?’ हा प्रश्न पोराला स्वतःला पडण्याआधी बाहेरचेच विचारतात. समजा, यंत्रमागावर कांड्या भरणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाला एका हवालदाराने खबरी केलं. हवालदार दुष्ट नाही. त्यानेच पोराच्या भावाला लॉकअपमधून सोडवलंय. आता मोहल्ल्यातली कोणती गोष्ट सांगायची, कोणती गिळायची? मोसम पुलापलीकडच्या, हिंदू वस्तीतल्या मित्राला काय म्हणायचं? इथे देशभक्त विरुद्ध गद्दार हा सोपा हिशोब चालत नाही, आणि म्हणूनच कादंबरी उभी राहते.

अडचण भाषेची आहे. हा मुलगा घरी उर्दू बोलणार, पोलीस ठाण्यात मराठी. त्याच्या बापाने उर्दू रहस्यकथाकार इब्ने सफींचा इम्रान वाचलेला असणार: वरून वेडगळ, आतून गुप्तहेरांचा म्होरक्या. मराठी कुमारकादंबरीला हा कान अजून आलेला नाही. तिची पात्रं सदाशिव पेठेतून फारशी हललेली नाहीत. मालेगावच्या नासिर शेखांनी मात्र तुटपुंज्या पैशांत, गल्लीतले कलाकार घेऊन, गावच्याच बोलीत ‘मालेगाव के शोले’ काढला. त्या गब्बरला पुण्या-मुंबईचं प्रमाणपत्र लागलं नव्हतं.