क्लाय म्हणजे जवळ, क्लाय म्हणजे लांब

'तीस दिवसांत अमुक भाषा' या जातीच्या पुस्तकांवर समीक्षक कधी लिहीत नाहीत. कादंबरी फसली तर वाचकाची एक दुपार वाया जाते. हे पुस्तक फसलं तर वाचक परमुलखात भलत्याच गल्लीत उभा असतो. तरी कादंबरीला चार रकाने आणि याला एक ओळ नाही! म्हणून हे काम एका बी. कॉम. कारकुनाने अंगावर घेतलं आहे.

माझ्यापुढचं पुस्तक थाई बोलायला शिकवतं. सुरुवात मोठी गोड आहे. क्रियापद चालवायला नको, नामाला लिंग नाही. 'तो गेला, ती गेली, ते गेलं' ही कटकटच मिटली. शब्दही नात्यातले. भाषेला 'फासा', गुरूला 'ख्रू', आहाराला 'आहान', आणि 'सवातदी' हा नमस्कार तर आपल्या 'स्वस्ति'वरून घडवलेला. पुरुषाने स्वतःला 'फोम' म्हणायचं. फोम म्हणजे केसही. आता माझ्या डोक्याकडे पाहून कुणी हसलं, तर त्यात भाषेचा काय दोष?

घोटाळा पुढे आहे. थाईत पाच सूर असतात : सपाट, खालचा, उतरता, वरचा आणि चढता. आपल्याकडेही सूर आहेत. घरातलं नुसतं 'बरं' किती सुरांत येतं, हे विवाहितांना सांगायला नको. पण आपला सूर बदलला की फक्त हवामान बदलतं. त्यांचा बदलला की शब्दच बदलतो. सपाट 'मा' म्हणजे ये, वरचा 'मा' म्हणजे घोडा, चढता 'मा' म्हणजे कुत्रा. पुस्तकात तिन्ही ठिकाणी नुसतं 'मा'. पाहुण्याचं स्वागत कसं करायचं, बोला!

'क्लाय'ची तर कमाल आहे. उतरत्या सुरात जवळ, सपाट सुरात लांब. स्टेशन कुठे, असं विचारलं आणि उत्तर आलं 'क्लाय', तर रिक्षा करावी की चालावं? जमा आणि नावे एकाच रकान्यात लिहिणाऱ्या कारकुनाला आमचे साहेब दुपारच्या चहापर्यंतही ठेवणार नाहीत.

सूर छापता येत नाहीत, ही सबब चालणार नाही. पंडित भातखंड्यांच्या स्वरलिपीत अक्षराखाली टिंब दिलं की मंद्र, वर दिलं की तार. थाई लिपीसुद्धा अक्षराच्या डोक्यावर खुणा देते. आणि देवनागरी तर या कामाला जणू जन्मलेली. 'क-ख', 'प-फ' हे त्यांचे भेद आपल्या पोरांना पाटीवरच कळतात. ज्या 'ङ'ने एकही मराठी शब्द सुरू होत नाही, त्यालाही तिथे नोकरी आहे : सापाला म्हणतात 'ङू'. एवढं भांडवल हाताशी असून पुस्तकाने ते खात्यात तसंच पडू दिलं आहे.

खरी तक्रार याहून मोठी आहे. किती, कुठे, केव्हा हे विचारायला पुस्तक शिकवतं. समोरचा काय म्हणतो ते ऐकायला शिकवत नाही. वाक्याच्या शेवटी पुरुषाने 'ख्रप' आणि बाईने 'खा' म्हणायचं, ही तिथली रोजची अदब. ती इथे परिशिष्टात ढकलली आहे. काउंटरच्या आत बसणाऱ्याला विचारा : माणूस पहिल्या शब्दाला 'अहो' म्हणतो की 'ए', यावर पुढचं सगळं ठरतं.

शेवटी बँकॉकचा एक नकाशा जोडला आहे. तो मात्र उत्तम आहे. मुका आहे ना, म्हणून!