काळ्या पाणचक्कीतील शिकाऊ

जादूटोण्याचे पुस्तक मुलांच्या हाती द्यावे काय, हा प्रश्न आपल्या घरांतून नेहमी विचारला जातो, आणि तो अनाठायी नाही. ओटफ्रीड प्रॉयस्लर (१९२३-२०१३) या जर्मन लेखकाची ‘क्राबात’ (१९७१) वाचल्यावर मात्र ‘नाही’ असे सरसकट म्हणवत नाही.

जर्मनीच्या पूर्वेकडील लाउझित्स प्रदेशात राहणाऱ्या सोर्ब या छोट्या स्लाव समाजाच्या दंतकथेवर ही कादंबरी उभी आहे. चौदा वर्षांचा अनाथ क्राबात तीन राजांच्या सणाच्या सुमारास गावोगाव गाणी गात हिंडत असतो. स्वप्नातील अकरा डोमकावळे त्याला एका पाणचक्कीकडे बोलावतात. तेथे पोटभर जेवण आहे, ऊबदार अंथरूण आहे. आणि दर शुक्रवारी रात्री एकडोळ्या मालकाकडून मंत्रविद्येचे धडे. पण दर वर्षाअखेरीस एक गडी मरतो. का, ते कोणी बोलत नाही. हे गूढ लेखक फार सावकाश उकलतो.

भाविक वाचकाला येथे एक वेगळीच गोष्ट जाणवावी. पास्काच्या रात्री हे गडी एकमेकांच्या कपाळावर कोळशाने खूण करतात, परतताना जोखडाखालून वाकून जातात आणि मालकाची थप्पड गालावर घेतात. आपल्या राखेच्या बुधवारची राख, शुभवर्तमानातील प्रभूचे हलके जोखड, जुन्या विधीत दृढीकरणाच्या वेळी बिशप गालावर देत ती चापट, या साऱ्यांची ही विकृत छाया वाटते. लेखकाचा तसा हेतू होता की नाही, हा प्रश्न गौण आहे. सैतानाला स्वतःचे असे काही घडवता येत नाही, तो केवळ नक्कल करतो, हे येथे प्रवचनाविना कळते.

प्रॉयस्लर युद्धात लढले आणि पुढे पाच वर्षे सोव्हिएत छावण्यांत युद्धबंदी होते. सत्तेच्या मोहात सापडलेल्या आपल्या पिढीचीच ही कथा आहे, असे त्यांनी सांगितले होते. म्हणूनच क्राबातला विद्या आवडते, बळ आवडते, हे त्यांनी लपवलेले नाही. मालक त्याला चक्कीचा वारसा देऊ करतो तेव्हा वाचकाचाही जीव क्षणभर अडखळतो. मूर्ख समजला गेलेला युरो वर्षानुवर्षे शहाणपण झाकून ठेवतो, ही व्यक्तिरेखा तर मला नायकाहूनही सरस वाटते.

शेवटी क्राबातला सोडवते ती पास्कागीते गाणारी मुलगी. डोळे बांधलेले असताना ती त्याला ओळखते, कारण तो तिच्यासाठी भ्यालेला असतो, स्वतःसाठी नव्हे. प्रसंग अप्रतिम आहे. तरीही या मुलीला लेखकाने पुरेसा वाव दिलेला नाही. तिचे नावही आपल्याला कळत नाही. मधला भाग काहीसा रेंगाळतो.

अँथिया बेल यांनी पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद केला आहे. दहा वर्षांखालील मुलांना ते एकट्याने वाचू देऊ नये. थोरल्यांनी सोबत बसावे, आणि टोंडाच्या मृत्यूचे प्रकरण दिवसाउजेडी वाचावे.