कानाचे रांजण आणि विलेपार्ल्याचे पाणी

फादर स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’त (१६१६) काना गावच्या लग्नात पाण्याचा द्राक्षारस होतो. पाण्यात कार्बन नाही, मग मद्यार्क आला कोठून, हा विद्यार्थ्याचा प्रश्न रास्तच. परंतु मूळ कथा सांगणारा योहान या प्रसंगाला ‘चिन्ह’ म्हणतो. सहा रांजण शुद्धीच्या विधीचे होते, हेही सांगतो. जुन्या विधीच्या जागी नवा आनंद, हा तिचा अर्थ. तेथे रसायनशास्त्र शोधणे व्यर्थ.

२०१२ साली मुंबईत विलेपार्ल्याला क्रूसाच्या पायांतून पाणी ठिबकले, भाविकांनी ते तीर्थ म्हणून प्राशन केले. तेथे मात्र प्रतीकाची ढाल चालत नाही. सनल एडामारुकू यांनी तुंबलेला निचरा व केशाकर्षण हे कारण दाखवले (तक्रारी झाल्या त्या त्यांच्यावरच!). आपले शिंदखेडा कापसाच्या मुलखातले. पेल्यातून बाहेर लोंबणारी कापसाची वात वर्गात ठिबकून दाखवावी. कानाची गोष्ट भाषेच्या तासाला घ्यावी.