नलिकाबद्ध अतिवेगवान झोत : मिश्रण व ध्वनी यांच्या संबंधाची चिकित्सा

प्रस्तावना :
जेट इंजिनाच्या वायुझोतातून निर्माण होणाऱ्या ध्वनीचा सैद्धांतिक पाया जेम्स लाइटहिल यांनी १९५२ मध्ये घातला. झोताची ध्वनिशक्ती वेगाच्या आठव्या घाताच्या प्रमाणात वाढते, हे त्यांचे सूत्र सर्वपरिचित आहे. त्यावरूनच 'मिश्रण वाढवावे, वेग घटवावा, आवाज आपोआप कमी होईल' असा समज रूढ झाला. तो कितपत ग्राह्य आहे, हे तपासणे अगत्याचे ठरते.

विवेचन :
इजेक्टर नलिकेत मधला वेगवान झोत बाहेरची हवा आत ओढून घेतो. पाकळ्यांच्या आकाराचे नोझल हे मिश्रण जलद घडवून आणते. केवळ वेग निम्मा झाल्यास ध्वनिशक्ती २५६ पटींनी घटेल. परंतु विमानाला प्रणोद तेवढाच लागतो. तो कायम राखायचा तर, घनता समान धरल्यास, निर्गमद्वाराचे क्षेत्रफळ चौपट करावे लागते. परिणामी घट ६४ पटींची, म्हणजे सुमारे १८ डेसिबलची ठरते. हा लाभ मोठा असला तरी त्याची किंमत आकारमान व वजन या रूपाने मोजावी लागते.

दुसरे असे की, हे सूत्र मुक्त झोतासाठी आहे. घन पृष्ठभागांचा ध्वनीवरील प्रभाव कर्ल यांनी १९५५ मध्ये स्वतंत्रपणे मांडला. तर अतिस्वनातीत वेगात आठव्या घाताऐवजी तिसरा घात लागू होतो, हे फॉक्स विल्यम्स यांनी १९६३ मध्ये दाखविले. म्हणून नलिकेतील स्वनातीत झोताला मूळ सूत्र जसेच्या तसे लावणे सदोष होय.

तिसरा मुद्दा अधिक मूलगामी आहे. पाकळ्यांमुळे मोठे भोवरे फुटून लहान होतात. त्यामुळे कमी वारंवारतेचा आवाज घटतो, पण उच्च वारंवारतेचा वाढतो. म्हणजेच मिश्रण ध्वनी नाहीसा करीत नाही, त्याचे स्वरूप व स्थान बदलते. हा ध्वनी नलिकेच्या आतच निर्माण झाला, तरच भिंतीवरील ध्वनिशोषक अस्तर तो टिपू शकते. नलिका आखूड असल्यास मिश्रण अपुरे राहते, लांब असल्यास घर्षण व वजन वाढते.

अमेरिकेतील नासाच्या १९९० ते १९९९ या काळातील हाय स्पीड रिसर्च प्रकल्पात ३०० प्रवाशांच्या स्वनातीत विमानासाठी याच प्रकारच्या नोझलचा अभ्यास झाला. विमान मात्र प्रत्यक्षात आले नाही.

निष्कर्ष :
केवळ डेसिबलमधील घट हा यशाचा निकष मानणे अपुरे आहे. प्रणोदातील तूट, वजन व नलिकेची लांबी यांचा हिशेब त्यासोबत मांडला, तरच विमानतळालगतच्या रहिवाशांना दिलेले शांततेचे आश्वासन विश्वासार्ह ठरेल.