टुंग्रो विषाणूचा आरंभ-संकेत : एक आक्षेप

प्रथिनाची जुळणी संदेशवाहक आरएनएवरील पहिल्या एयूजीपासून सुरू होते, हा मेरिलिन कोझॅक यांच्या १९७८ मधील सिद्धांताचा आपल्या वर्गांत रूढ झालेला सारांश होय. भोर व वेल्हे भागातील खाचरांत जे पीक डोलते, त्या भातावरीलच एका विषाणूने तो अपुरा ठरविला आहे.

टुंग्रो रोग दोन विषाणूंच्या संगतीने होतो व हिरव्या तुडतुड्यांमार्फत पसरतो. त्यांपैकी दंडाकृती डीएनए-विषाणूच्या आरएनएला सुमारे ७०० न्यूक्लिओटाइडांचा अग्रभाग असून त्यात दहांहून अधिक फसवे एयूजी आहेत. ते एकेक तपासत जाणारा रायबोसोम वाटेतच गुंतून पडावा. परंतु तो टोपीच्या टोकाकडून शिरतो, पहिली छोटी चौकट वाचून संपवितो आणि पुढील दुमडलेली घडी ओलांडून पलीकडे उतरतो. यास शंटिंग म्हणतात. आगगाडीच्या यार्डातील हा शब्द येथे बरा शोभतो. उतरल्यावर पहिल्या प्रथिनाचा आरंभ होतो तो एयूजीवर नव्हे, तर एयूयूवर! या दुबळ्या संकेतावर न थांबता पुढे सरकणारे रायबोसोम दुसऱ्या व तिसऱ्या प्रथिनाच्या आरंभापर्यंत पोहोचतात. संकेताचा दुबळेपणाच येथे विषाणूच्या कामी येतो.

१९९६ साली फ्यूटरर व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेले हे एयूयूविषयीचे काम निःसंशय मोलाचे आहे. आमचा आक्षेप त्याच्या वापराविषयी आहे. ते प्रयोग भाताच्या संवर्धित पेशींच्या प्रोटोप्लास्टांत, सूचक जनुके जोडून झाले. विषाणू मात्र रोपाच्या रसवाहिन्यांपुरताच मर्यादित राहतो. एयूयूच्या कार्यक्षमतेचे प्रोटोप्लास्टांतील आकडे रोगट रोपाचे म्हणून प्रबंधांत उतरविणे म्हणजे कुंडीतील माती तपासून खाचराचा उतारा सांगणे होय. शिवाय केवळ एयूजी शोधणाऱ्या संगणकीय पद्धतीने जनुकाच्या सीमा आखल्या, तर पहिल्या प्रथिनाचे आरंभीचे टोकच हरवते, आणि त्यावर आधारलेली पुढील सारी तुलना लंगडी पडते.

उपाय अशक्य नाही. रायबोसोमांच्या पाऊलखुणा मोजण्याचे तंत्र २००९ पासून उपलब्ध आहे. संपूर्ण पान वाटले तरी विषाणूचा आरएनए रसवाहिन्यांतूनच येणार, म्हणून त्यावरील खुणाही तेथील असतील. मात्र आरंभस्थानीच रायबोसोमास खिळवून ठेवणारे औषध आधी द्यावयास हवे. अन्यथा खुणा साऱ्या वाटेवर विखुरतात आणि एयूयू ओळखता येत नाही.