‘प्राणघातकरीत्या’

इंग्रजीत ‘फेटली’ असे एक क्रियाविशेषण आहे. ‘फेटली’ जखमी झाला, एवढे वाचले की पुढचे काही विचारावे लागत नाही, माणूस गेला. त्याच्या जागी मराठीत ‘प्राणघातकरीत्या जखमी’ असे भाषांतर अधूनमधून वाचावयास मिळते. शब्द भारदस्त खरा. पण तो आपले काम करतो काय?

आपल्याकडे ‘प्राणघातक हल्ला’ म्हणजे प्राण घेण्याजोगा हल्ला. त्यातून माणूस पुष्कळदा बचावतो आणि स्वतःच फिर्याद देतो. मग ‘प्राणघातकरीत्या जखमी’ हे वाचून घरच्या मंडळींनी इस्पितळाकडे धाव घ्यावी, की स्मशानाकडे? ही चूक नुसती व्याकरणाची नव्हे.

खरे म्हणजे असल्या प्रसंगी मराठी क्रियापदाचा आश्रय घेते. ‘जिवावर बेतले’ म्हणजे धोका प्राणापर्यंत आला. ‘जिवावरचे शेपटावर निभावले’ म्हणजे वाचला. ‘प्राणास मुकला’ म्हणजे गेला. तिन्ही पायऱ्या कशा स्वच्छ आहेत!

आणखी एक गुण इंग्रजी क्रियाविशेषणाच्या अंगी नाही. करवीरचे छत्रपती दुसरे राजाराम महाराज विलायतेहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स येथे निवर्तले. तेथेच अर्नो नदीच्या काठी त्यांना अग्नी देण्यात आला. त्या प्रवासाला इंग्रजीत हे क्रियाविशेषण सहज चिकटेल. मराठीत मात्र ‘प्रवास प्राणघातकरीत्या संपला’ म्हटले, तर गाडी उलटल्याचा भास होतो. ‘परतीच्या वाटेवर महाराजांना देवाज्ञा झाली’ म्हटले, की वार्ता कळते, आदर राहतो आणि शोकही उमटतो. मेला, वारला, निवर्तले, देवाज्ञा झाली: गेलेल्याशी आपले नाते काय, हे आपले क्रियापद सांगून जाते.

कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकविणाऱ्या माधव जूलियन यांचा ‘भाषाशुद्धि-विवेक’ १९३८ साली निघाला. परक्या शब्दांचा विचार आपण तेव्हापासून आजवर पुष्कळ केला. परंतु ‘प्राणघातकरीत्या’ या शब्दाचे सगळे अवयव संस्कृत आहेत. परकी आहे ती त्याची चालण्याची ढब. शब्दांच्या शुद्धीने वाक्याची शुद्धी होत नाही, एवढा धडा या एका शब्दावरून घ्यावयास हरकत नाही.

कोणी म्हणेल, मराठीला असले विशेषण वर्ज्यच आहे काय? मुळीच नाही. आपल्याकडे ऊन मरणाचे असते, गर्दी मरणाची असते, आणि तांबड्या रश्श्यापुढे बसलेल्या पाहुण्याला भूकही मरणाची लागते! पण तेथे कोणी मरत नाही, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते. गंमत अशी, की आपला ‘मरणाचा’ शब्द जिवंतपणाच्या उत्साहासाठी राखलेला आहे. प्रत्यक्ष मृत्यू आला, की भाषा आवाज उतरवते आणि साधे क्रियापद वापरते.

भाषांतर करणाऱ्यांनी एवढेच करावे: इंग्रजी शब्द समोर आला, की त्याला प्रतिशब्द शोधण्यापूर्वी ‘माणूस आहे की गेला?’ हे आधी विचारावे, आणि जे उत्तर येईल ते मराठीत सांगावे. वाट पाहणाऱ्या घराला तेवढेच हवे असते.